तुम्ही विचारलंत म्हणून: झील पिता की नाय?

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ऑफिसच्या व्हरांड्यात कोणी ना कोणी गाठतंच. कधी आई, कधी मामा. पोर वैभववाडीहून नाहीतर देवगडहून येऊन इथे खोली घेऊन राहणार असतं. फीची, मेसची चौकशी होते, मग आवाज खाली येतो: "मॅडम, झील पिता की नाय, ता कसा वळखूचा?" म्हणजे मुलगा दारू पितो की नाही, ते कसं ओळखायचं.

लक्षणं मी सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय कोणी हलत नाही. पैसे लवकर संपणं, शनिवारी रात्री फोन बंद, रविवारी दुपारपर्यंत झोप, जुने मित्र तुटणं. पण यातलं निम्मं प्रेमात पडलेल्या पोरातही दिसतं, आणि उरलेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून मग मीच विचारते: रात्री दोन वाजता खोलीवर मित्र पिऊन निपचित पडला, तर तुमचा मुलगा तुम्हाला फोन करेल?

एक बाबा पटकन म्हणाले, "करतलो कसो? तंगड्यो मोडून ठेवीन!"

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूसाठी २५. म्हणजे पदवीच्या वर्गातलं जवळजवळ प्रत्येक पोर प्यायलं तर चोरूनच पिणार. त्यात गोवा शेजारी, कर कमी म्हणून तिथली बाटली स्वस्त. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या पकडतात, पेपरात फोटो येतात, तरी माल पोचायचा तो पोचतो. मग खोलीचं दार लावून, पैजा लावून, घाईघाईत पिणं होतं.

घाईतच खरा धोका आहे. यकृत तासाला साधारण एका लहान पेगाएवढीच दारू निस्तरतं. बाकीची रक्तात चढत राहते, माणूस आडवा झाल्यावरही. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाण्याची बादली, कशानेही हा वेग वाढत नाही. उताण्या पडलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि बाकीचे म्हणतात, "घोरतोय, झोपूदे त्याला." त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर पडत असतील तर लगेच १०८. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे वर्गात करून दाखवते, एकाला बाकावर झोपवून. हसतात, पण शिकतात.

फोन मात्र करत नाहीत. घरमालक खोली खाली करायला लावेल, कॉलेज पटावरून नाव काढेल, आणि बाबांचं तर वर आलंच.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये नियम बदलला: दारूमुळे अत्यवस्थ झालेल्यासाठी जो मदत मागेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, आणि ज्याच्यासाठी मागितली त्याला शिक्षेऐवजी समुपदेशन. मदतीसाठी येणारे फोन वाढले. पिणं वाढल्याचं दिसलं नाही. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, १९८५ च्या, कलम ६४अ आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. हे मी पालकांना सांगते तेव्हा बहुतेकांना ते नवीन असतं. पोलिसांच्या भीतीने गांजाची गोष्ट घरात वर्ष वर्ष दडवलेली मी पाहिली आहे.

आणि घराचं म्हणाल, तर पहिला घोट कॉलेजातच मिळतो असं समजू नका. गणपतीला मुंबईहून आलेला चुलतभाऊ मागीलदारी ग्लास पुढे करतो, शिमग्यात कोणी वडीलधारा "घे रे, बाप्या झालंस आता" म्हणतो. राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, दारू दाखवतो ती परंपरा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मात्र देवाचं झाल्यावर बाटली कोणाच्या हातात जाते तेवढं बघा.

"सगळेच पितात" हेही पोरांना घरातूनच कळतं. ते खरं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयाच्या पुरुषांत दारू पिणारे २७.३ टक्के होते, म्हणजे चारातले साधारण तीन पुरुष न पिणारे. न पिणारा पोरगा टोळक्यात एकटा वाटतो, पण तो एकटा नसतो. त्याला हा आकडा सांगा, व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बाकी पालकांसाठी माझ्याकडे एकच काम आहे. सामान खोलीवर लावून परत निघण्याआधी मुलाला सांगा: काहीही झालं, तुझं किंवा मित्राचं, आधी फोन कर, त्या रात्री मी एक शब्द बोलणार नाही. आणि फोन आलाच तर खरंच बोलू नका. ओरडायचं ते दोन दिवसांनी ओरडा. नेहमीचंच झालं आहे असं वाटलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथे बोला.

कॉलेजांनीही कॉर्नेलसारखा नियम लेखी करावा, हे मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं. "मग सगळेच मोकाट पितील" असं उत्तर आलं आणि विषय परीक्षेच्या वेळापत्रकाकडे गेला. दिवाळीनंतरच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर तो मी पुन्हा घातला आहे.