मराठवाड्याची धरणं: टक्क्यांच्या आधी तलांक बघा

पावसाळा संपत आला की रोज आकडे येतात. जायकवाडी इतके टक्के, मांजरा तितके टक्के. जायकवाडी भरलेलं आणि मांजरा कोरडं असं चित्र असलं की ठरलेला प्रश्न येतोच: पैठणचं थोडं पाणी लातूरकडे का वळवत नाहीत? नकाशावर तर दोन्ही जवळजवळ दिसतात. उत्तर टक्केवारीत नाही, दोन धरणांच्या उंचीत, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या तलांकात आहे, आणि ती उंची बातमीत क्वचितच छापली जाते.

समुद्रसपाटीपासूनच्या पूर्ण संचय पातळ्या (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) उतरत्या क्रमाने अशा:

भंडारदरा (प्रवरा) ७४४.९१ मीटर
मांजरा, धनेगाव ६४२.३७
गंगापूर, नाशिक ६१२.३५
निम्न तेरणा, माकणी ६०४.४०
मुळा ५५२.३०
उजनी (भीमा) ४९६.८३
जायकवाडी (गोदावरी) ४६३.९१
येलदरी (पूर्णा) ४६१.७७
माजलगाव (सिंदफणा) ४३१.८०

मांजरा बालाघाटच्या पठारावर आहे आणि जायकवाडी खाली गोदावरीच्या खोऱ्यात. दोघांत १७८ मीटरचा फरक. एक घनमीटर पाणी एक मीटर चढवायला ०.००२७२५ युनिट वीज लागते, हे भौतिकशास्त्राचं किमान. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर जायकवाडीतलं एक टीएमसी (२.८३ कोटी घनमीटर) मांजरात टाकायला साधारण दोन कोटी युनिट लागतील. त्यात पाइपमधलं घर्षण धरलेलं नाही आणि वाटेतल्या चढउतारांनी वाढणारा उपसाही नाही. मांजराचा उपयुक्त साठा १७६.९६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वासहा टीएमसी. दरवर्षी त्यातला निम्मा जरी असा भरायचा म्हटलं, तरी सहा कोटींच्या वर युनिट. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पन्नास वाघिणींची एक खेप म्हणजे २५ लाख लिटर, अर्थात अडीच हजार घनमीटर. पिण्यापुरता तो मोठा आधार होता, पण धरण भरण्याच्या हिशोबात तो आकडा दिसतही नाही.

मांजराचं पाणी स्वतः मात्र खालीच जातं. पुढे तेलंगणात सिंगूर ५२३.६० मीटरवर आणि निजामसागर ४२८ मीटरवर आहे. लातूरसाठी वरचा स्रोत जवळपास नाहीच. वर फक्त आभाळ आहे, आणि म्हणूनच तिथे दोन वर्षं पाऊस हुकला की शहर लगेच अडचणीत येतं.

आता माजलगाव बघा. जायकवाडीच्या उजव्या कालव्याने १३२ किलोमीटर जाऊन पाणी तिथे पोचतं, पंप न लावता. जायकवाडी मृतसाठ्याच्या पातळीला (४५५.५२ मीटर; याखालचं पाणी नेहमीच्या वापरात धरत नाहीत) असताना आणि माजलगाव काठोकाठ भरलेलं असतानाही २३.७ मीटर उतार शिल्लक राहतो. किलोमीटरमागे १८ सेंटिमीटर. कालव्याला एवढा उतार पुरतो, पण चुकीला जागा ठेवत नाही. मध्येच हातभर गाळ साचला, काठाचं अस्तरीकरण ढासळलं, गवत-झुडपं वाढली की त्या ठिकाणी पाणी फुगतं, वेग मंदावतो आणि शेपटाकडचा विसर्ग घटतो. ‘वर धरण भरलंय, मग टेलला पाणी का नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा याच १८ सेंटिमीटरमध्ये सापडतं.

वरच्या अंगालाही उंचीच कामाला येते. भंडारदरा, निळवंडे, मुळा, गंगापूर ही सगळी जायकवाडीच्या वर आहेत, म्हणून दरवाजे उघडले की पाणी आपोआप पैठणकडे येतं. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीला गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात धार आली ती यामुळे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपातला वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र २०१४मध्ये ठरलं. वाटेत मात्र कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं. पाणी सोडण्याआधी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात आणि काठावरच्या मोटारींची वीज बंद ठेवावी लागते. ही दोन कामं दोन दिवस उशिरा झाली तर सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी यांत मोठी तफावत पडते. सोडायचंच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पात्र ओलं असताना सोडावं. उन्हाळ्यात सोडलेल्या पाण्याचा किती भाग पैठणला पोचेल, याची खात्री देता येत नाही.

नुसती दोन टोकांची उंची बघून मात्र फसगत होते. उजनी जायकवाडीपेक्षा ३३ मीटर वर आहे, म्हणून भीमेचं पाणी गोदावरीत सहज उतरेल असं वाटतं. मध्ये दोन खोऱ्यांमधला जलविभाजक, म्हणजे दोन्हींचं पाणी वेगळं करणारा उंचवटा, उभा आहे आणि तो दोन्ही धरणांच्या बराच वर आहे. आधी त्यावर चढवा किंवा बोगदा काढा. उजनीतून धाराशिवकडे जाणारी कृष्णा-मराठवाडा योजना उपसा सिंचनाची आहे, ती याच कारणाने. तुलना करताना तीन उंच्या लागतात: देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि मधल्या सर्वांत उंच जागेची.

हे आकडे स्वतः जमवताना कुठे घोळ होतो? पहिली गोष्ट एकक. जायकवाडीची पातळी अजूनही फुटांत सांगतात, १५२२ फूट. ०.३०४८ने गुणा, ४६३.९१ येतात. एक धरण फुटांत, दुसरं मीटरमध्ये आणि तिसऱ्याची भिंतीची उंची, असं मिसळलेलं कोष्टक समाजमाध्यमांवर नेहमी फिरतं. ते वापरू नका. दुसरी गोष्ट जीपीएस. काही उपकरणं समुद्रसपाटीऐवजी गणिती लंबगोलापासूनची (पृथ्वीचा हिशोबासाठी मानलेला आकार) उंची दाखवतात. आपल्या भागात ती साठ-ऐंशी मीटरने कमी दिसते. सेटिंगमध्ये कोणता संदर्भ निवडलाय ते आधी बघा. तिसरी गोष्ट उपग्रह नकाशे. अनेक मोफत नकाशांतली उंची २०००च्या फेब्रुवारीतल्या अंतराळयानाच्या रडार मोजणीतून आली आहे, आणि त्यात जलाशयाचा पृष्ठभाग त्या दिवसांतल्या पातळीला सपाट केलेला आहे. तलावावर टिचकी मारून मिळालेला आकडा म्हणजे पूर्ण संचय पातळी नव्हे. काठावरच्या जमिनीसाठीही चार-सहा मीटरचा फरक गृहीत धरा. अशा नकाशावरून पाइपलाइनचा अंदाज घेता येतो, कालव्याचा नाही.

पातळीवरून साठा काढताना जलाशयाचा आकार आडवा येतो. जायकवाडीचा २१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा अवघ्या ८.३९ मीटरच्या थरात आहे, म्हणजे सरासरी एका सेंटिमीटरला २६ लाख घनमीटर. पण जलाशयाचं ताट वर रुंद आणि खाली अरुंद असल्याने वरच्या मीटरमध्ये सरासरीपेक्षा बरंच जास्त पाणी बसतं आणि खालच्या मीटरमध्ये कमी. वाऱ्याने लाट उठलेली असताना मोजपट्टी दोन सेंटिमीटर चुकीची वाचली की पन्नास लाख घनमीटर कागदावर उगवतात किंवा नाहीसे होतात. म्हणून पहाटेचं, वारा पडलेला असतानाचं वाचन धरावं. कडक उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून गेलं, तर त्या सरासरीने २६ लाख घनमीटर पाणी खरोखरच जातं. मोठ्या, उथळ जलाशयांची ही कायमची किंमत आहे.

उजनीची गोष्ट आणखी वेगळी. एकूण ११७.२३ टीएमसीपैकी ६३.६६ मृतसाठा आणि ५३.५७ उपयुक्त, आणि हा सगळा उपयुक्त साठा ४९१.०३ ते ४९६.८३ या ५.८ मीटरमध्ये. ‘उणे ५० टक्के’ वाचून धरण आटलं असं समजू नका. उपयुक्त साठ्याच्या निम्मे, २६.७९ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले आणि ३६.८७ टीएमसी अजून आहेत, असा त्याचा अर्थ. त्यात गाळाने व्यापलेली जागाही मोजलेली आहे हे मात्र लक्षात ठेवा. गाळ फक्त तळाशी बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथे, उपयुक्त थरातही तो साचतो. त्यामुळे जुन्या क्षमता-तक्त्यावरून (कोणत्या पातळीला किती साठा, हे सांगणारा तक्ता) काढलेला साठा फुगलेला निघतो. तक्ता कोणत्या सर्वेक्षणाचा, हे विचारल्याशिवाय आकडा वापरू नये.

  

उपसा योजनांसाठी शेवटचा मुद्दा. जायकवाडी भरलेल्या पातळीवरून मृतसाठ्याला आली तर मांजरापर्यंतचा उपसा जेमतेम पाच टक्क्यांनी वाढतो. वीजबिल तेवढं वाढेल, पण योजना बंद पडते ती दुसऱ्याच कारणाने: जॅकवेलचं (पंप बसवलेली काठावरची विहीर) तोंड उघडं पडतं आणि पाणी काठापासून दूर सरकतं. तेव्हा चर खोदून पाणी जॅकवेलपर्यंत आणावं लागतं. हा चर पाण्याखाली सहज खोदता येत नाही आणि पाणी गेल्यावर चिखलात पोकलेन रुतते. म्हणून जॅकवेलच्या सर्वांत खालच्या झडपेचा तलांक आणि आजची पातळी यांत दोन मीटर उरले की तयारी सुरू करावी.