जोडव्याखालची जखम

ब्रह्मपुरी-नागभीडकडच्या धानपट्ट्यात मी आरोग्यसेविका आहे. हत्तीपाय आमच्याकडे नवा नाही. त्या दिवशी रोवणी जोरात होती. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम घेऊन मी एका मावशींकडे पोचले. सगळं घर बांधीत आणि त्या एकट्या ओसरीवर, उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा.

टब पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मले वाटलं बाई इंजेक्शन आणन. पाय त मी रोजच धुतो."

काय बोलणार? क्युलेक्स डासामुळे अंगात गेलेले कृमी लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षं राहतात. त्या वाहिन्या एकदा निकामी झाल्या की इतकी जुनी सूज गोळ्यांनी ओसरत नाही. हे तोंडावर सांगणं मला आजही जड जातं. पण मावशींना दर महिन्या-दोन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लाल होऊन ठणकायचा. तो ताप त्वचेतल्या भेगेतून शिरणाऱ्या जिवाणूंचा असतो आणि तो थांबवता येतो. भेग तेवढी सापडायला हवी.

मी पाय धरला, तसा त्यांनी मागे ओढला. "नोको बाई, वास येते." मी सोडला नाही. साबणाचा फेस करून एकेक घडी धुतली, बोटांच्या बेचक्या टॉवेलच्या टोकाने टिपल्या. अंगठ्याशेजारच्या बोटाशी हात थांबला. मांस दोन्ही बाजूंनी वर आलेलं आणि मध्ये चांदीची बारीक कड. जोडवं आत रुतलं होतं, खाली ओली जखम.

"हे काढावं लागेल, मावशी."

"मालक हायेत ना अजून. जोडवं कसं काढू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बसून राहिले. दिवेलागणीला मालक आणि मुलगा चिखलाच्या पायांनी आले. मालकांनी सगळं उभ्याउभ्या ऐकलं. "काढून टाक. जोडव्यापायी का मी जगून राह्यलो?" सोनाराने दुसऱ्या दिवशी ते कापलं, जखमेसाठी आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

निघताना मुलाला हत्तीपायाच्या मोहिमेत घरोघरी वाटलेल्या गोळ्यांचं विचारलं. त्या देव्हाऱ्यात तशाच होत्या. "मले का झालं?" त्याच्या आईलाही सुरुवातीला काही झालेलं नव्हतं! रक्तात त्या कृमींची पिल्लं असूनही माणूस धडधाकट दिसतो. ती रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर आम्ही रक्त तपासायला रात्री दारोदार बोटं टोचत फिरतो. पुढच्या मोहिमेत त्याने माझ्यासमोर गोळ्या गिळल्या.

दिवाळीनंतर पुन्हा गेले. पाय जवळजवळ तेवढाच होता, पण ताप एकदाही आला नव्हता. टब उन्हात पालथा घातलेला. आणि ते कापलेलं जोडवं मावशींनी गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवलं होतं.