वाटी, बाहुली आणि माकडहाड

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला आणि त्यात माझ्या गुडघ्याला ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेली’ झाल्याचं लिहिलं होतं. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी. म्हणजे अख्खी रात्र घरात मी आणि हा शब्द, दोघंच. नाव ऐकून वाटावं, एखाद्या बुडालेल्या राज्याची शेवटची राणी. तोवर गुडघा फक्त जिना उतरताना कुरकुरायचा; नाव कळल्यावर बसल्या जागीच ठणकू लागला.

शेवटी शब्द सोलायला घेतला. ग्रीकमध्ये कॉन्ड्रॉस म्हणजे कूर्चा, नाकाच्या शेंड्याशी बोटाला लागते तसली लवचीक वस्तू. मलाकिया म्हणजे मऊपणा. आणि लॅटिनमधली पटेला म्हणजे लहानशी पसरट ताटली. थोडक्यात, गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चा मऊ पडली आहे. रोमन माणसाला त्या हाडात ताटली दिसली, आपल्या माणसाला वाटी. फरक काय तो भांड्याच्या खोलीचा.

मग झोप उडालीच आणि मी अंगभर हिंडलो. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक, कॉक्सिक्स. ग्रीकांना ते कोकिळेच्या जातीतल्या कुक्कू पक्ष्याच्या चोचीसारखं वाटलं, म्हणून त्याला त्या पक्ष्याचंच नाव. आपण त्याला म्हणतो माकडहाड. चोचीपेक्षा माकड बरं, असं माझं मत; घसरून त्यावर आपटलेल्या माणसाच्या चेहऱ्याला ते जास्त शोभतं. डोळ्याच्या मधोमध असतं ते प्युपिल. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात डोकावलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, त्यावरून. आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! संस्कृतातल्या कनीनिकेतही ती मुलगी आहेच. आता हे कुणी कुणाकडून उचललं, की माणसं सगळीकडे एकमेकांच्या डोळ्यांत सारख्याच हौसेनं बघत होती, देव जाणे. मला दुसरं जास्त आवडेल.

कधी कधी चूकही अशी जोडीनं होते. आर्टरी म्हणजे धमनी; पण हा शब्द ग्रीकांनी श्वासनलिकेलाही वापरला होता. मेल्यावर धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात, त्यामुळे त्यांतून हवा वाहते असं काही जुन्या वैद्यांना वाटलं. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्यानं त्यांत रक्तच असतं हे दाखवलं, १६२८ साली विल्यम हार्वीनं हृदयातून निघालेलं रक्त फिरून परत हृदयात येतं हे मांडलं, तरी नाव तेच राहिलं. आपल्या ‘धमनी’च्या मुळाशीसुद्धा संस्कृतातला फुंकण्याचा धातू बसलेला आहे. मलेरियाचंही तसंच. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. १८८० मध्ये लॅव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना रोग्याच्या रक्तात परजीवी दिसला, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना तो डासात सापडला, हवा निर्दोष सुटली. पण शब्दाची शिक्षा काही माफ झाली नाही. आपला हिवताप शहाणा. त्यानं कारणाच्या भानगडीत न पडता हुडहुडी आणि ताप एवढंच सांगितलं.

खरा घोळ आपल्याला कळतात असं वाटणाऱ्या शब्दांचा. आजाराला ‘अक्यूट’ म्हटलं की आपण गंभीर असं ऐकतो. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ अचानक आलेला, थोड्या दिवसांचा. साधी सर्दीही अक्यूट. त्याला ‘तीव्र’ हा प्रतिशब्द देऊन आपणच भीती वाढवली. उलट ‘क्रॉनिक’साठी ‘जुनाट’ हा शब्द इतका नेमका आहे की तो ऐकताच खोकला येतो.

आणि ‘इडिओपॅथिक’! इडिओस म्हणजे स्वतःचं, खासगी. पॅथॉस म्हणजे दुखणं. आजार जणू आपला आपणच उपजला. सरळ भाषेत, कारण सापडलेलं नाही. ‘कशानं झालं ते माहीत नाही’ असं सांगितलं तर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. ‘इडिओपॅथिक’ म्हटलं की औषध घेऊन घरी जातो. त्याच इडिओसपासून ‘इडियट’ही आला आहे, पण हे दवाखान्यात बोलू नये.

रात्री पावणेदोनला पुन्हा कॉन्ड्रॉसकडे वळलो. त्याचा मूळ अर्थ दाणा, म्हणून पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातही तो आहे: तंतू आणि कण. त्याच कुळातला आणखी एक शब्द निघाला, हायपोकॉन्ड्रिया. हायपो म्हणजे खाली; बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा. उदासीचं मूळ तिथल्या अवयवांत असतं असा पूर्वी समज होता, त्यावरून नसलेल्या आजारांची धास्ती घेणाऱ्यांना हे नाव चिकटलं. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानांच्या यादीतून ते काढून टाकलं, हेही वाचलं. वाचता वाचता हात आपोआप बरगड्यांखाली गेला. तिथेही थोडं दुखत होतं बहुतेक.