माझीच गाणी, मलाच परवानगी

सतरा वर्षं मी दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली. संगीतकार व्हॉट्सअ‍ॅपवर चाल गुणगुणून पाठवतो, त्या 'ना ना ना'वर मी मुखडा बसवते, स्टुडिओत गायिकेला कळावं म्हणून डमी गाते. मग ती गाते आणि माझा ट्रॅक उडतो. गेल्या वर्षी ठरवलं, आता डमी पुरे. ठाण्यात आपल्याच पंधरा गाण्यांचा कार्यक्रम करायचा, तोही तिकीट लावून.

वादक जमले, कळव्यात तालमी झाल्या, पोलिसांचं पत्रही आलं. गाडी अडली नाट्यगृहाच्या कार्यालयात. कुठल्या ते सांगत नाही, पुढची तारीख मला तिथेच हवी आहे.

"गाण्यांचं लायसन्स?" खिडकीतल्या काकांनी विचारलं.

"काका, गाणी माझीच आहेत."

"मग मालकाची एनओसी लावा."

"मालक मीच."

"असं सगळेच म्हणतात, ताई."

मी फोनवर एका गाण्याचा व्हिडिओ उघडून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाशी धरली आणि म्हणाले, "इथे तर कंपनीचं नाव आहे." माझं नाव खाली, 'आणखी पाहा' दाबल्यावर दिसतं. ते दाबेपर्यंत रांगेतल्या माणसाने घसा खाकरला.

दुसऱ्या दिवशी मी लेटरहेडवर सरळ लिहून नेलं की मी मला ही गाणी गायला परवानगी देत आहे. खाली सही. काकांनी ते शांतपणे वाचून परत दिलं. "देणारा आणि घेणारा एकच चालत नाही." बाहेर येऊन मी तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या, तरी डोकं शांत होईना.

चीड यायचं खरं कारण म्हणजे काका बरोबर निघाले. मी आयपीआरएसची सभासद. १९६९ पासूनची ही गीतकार-संगीतकारांची संस्था. सभासद होताना गाणं जाहीर सादर करण्याचा हक्क आपण संस्थेकडे सोपवतो, म्हणून तर रॉयल्टी येते. मी सही न वाचताच केली होती. म्हणजे मंचावर मी गाणार असले तरी लायसन्स तिथूनच. लायसन्सचे पैसे मी भरायचे आणि त्यातला माझा वाटा कधीतरी मलाच यायचा!

अर्जात कार्यक्रमाची तारीख, आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि गाण्यांची यादी द्यावी लागली. यादीवर पुन्हा अडलं. चार गाणी माहेरच्या आडनावावर नोंदलेली, बाकीची सासरच्या. एकाच बाईची दोन नावं पटवायला लग्नाचं प्रमाणपत्र पाठवलं. अकरा दिवस गेले. शनिवारी कार्यक्रम आणि लायसन्स हातात पडलं गुरुवारी संध्याकाळी. तेव्हा सभासद असाल तर आडनाव आजच तपासा, तारीख ठरल्यावर नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज काढलेलं तयार संगीत, वाजवणार असाल तर प्रकरण वेगळं. ते ध्वनिमुद्रण असतं, त्याचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे, त्याची परवानगी निराळी. माझ्याकडे तबला, गिटार, कीबोर्ड सगळं प्रत्यक्ष होतं म्हणून वाचले. आणि 'एकरकमी पैसे घेतले, आता आपलं काही नाही' असं समजून बसू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला विकून टाकता येत नाही.

अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगने साठच्या दशकात इतरांसाठी गाणी केली, मग १९७१ मध्ये स्वतःच्या आवाजातल्या अल्बमने जग जिंकलं. तिला कुठल्या खिडकीवर मालकाची एनओसी मागितली होती का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

कार्यक्रम झाला. दुसऱ्याच गाण्याचा अंतरा विसरले, मीच लिहिलेला. गिटारवाल्याने तेवढा तुकडा चार वेळा फिरवला.

आणि हो, लायसन्सच्या तीन प्रती न्या. कार्यालयाशेजारचं झेरॉक्सचं दुकान दीड ते तीन बंद असतं आणि काका अडीचला जेवायला उठतात.