बीसीडी बेरजेतले सहा

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत. पदविकेच्या दुसऱ्या वर्षी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये संख्यापद्धती सुरू झाल्या, तेव्हा बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वर चालणारी पद्धत, मला परकी वाटली नाही. जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तर तो खालीच राहतो, हे मी वडिलांच्या मागावर लहानपणापासून पाहत होतो; चादरीवरची मयूरपंखाची नक्षी याच दोन शक्यतांतून उमटते. ऑक्टलसाठी (आठ अंकांची पद्धत) तीन आणि हेक्साडेसिमलसाठी (सोळा अंकांची) चार बिटांचे, म्हणजे बायनरी अंकांचे, गट पाडायचे, हेही लवकर अंगवळणी पडले.

अडलो तो बीसीडी बेरजेपाशी. बीसीडीत दशमान संख्येचा प्रत्येक अंक स्वतंत्रपणे चार बिटांत लिहितात. बेरीज ९ च्या पुढे गेली की त्यात ०११०, म्हणजे ६, मिळवावेत हा नियम पाठ होता, पण सहाच का, हे कळत नव्हते. एका रात्री शून्यापासून पंधरापर्यंतचे चार बिटांचे सोळाही संकेत वहीत एकाखाली एक लिहिले आणि १००१ च्या, म्हणजे ९ च्या, खाली रेघ मारली. रेघेखाली सहा संकेत उरले, जे बीसीडीत कधीच वापरले जात नाहीत. चार बिटांचा हातचा सोळाला सुटतो आणि आपल्याला तो दहाला हवा असतो. मधले हे सहा संकेत ओलांडण्यासाठीच सहा मिळवायचे असतात. ७ आणि ५ यांची बेरीज ११०० येते, त्यात ०११० मिळवले की ००१० उरून हातचा १ सुटतो, म्हणजेच १२.

प्रात्यक्षिकात चार बिटांची बेरीज करणाऱ्या दोन ७४८३ आयसी (चिप) जोडून हेच करायचे होते; पहिली बेरीज करणार आणि दुसरी गरज पडल्यास सहा मिळवणार. या आयसीचा वीजपुरवठा नेहमीप्रमाणे १६ आणि ८ क्रमांकाच्या पायांना नसून ५ आणि १२ ला असतो, हे मी आधीच पाहून ठेवले होते. ७ अधिक ५ बरोबर आले. ८ अधिक ९ दिल्यावर मात्र एककाचे दिवे ०००१ दाखवू लागले आणि दशकाचा दिवा विझलेलाच राहिला. तारा तीनदा तपासूनही चूक सापडेना, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "पहिल्या आयसीचा हातचा कुठे गेला?"

बेरजेचे चार बिट १०१० ते ११११ यांपैकी आहेत का, एवढेच माझे परिपथ पाहत होते. सतरा मात्र चार बिटांत मावतच नाहीत. तिथे ०००१ उरतो आणि सोळा हातच्यात निघून जातात. तो हातचा ऑर गेटला, म्हणजे कोणताही एक इनपुट १ असला की १ देणाऱ्या गेटला, जोडताच दशकाचा दिवा लागला आणि एककाचे दिवे ०१११ झाले. त्यानंतर ० ते ९ मधल्या अंकांच्या सगळ्या शंभर जोड्या मी एकेक करून तपासल्या.