लखपतला आहे तरी काय?

कच्छच्या पश्चिम टोकाला, पाकिस्तानच्या सीमेलगतच्या त्या उजाड लखपतला असं आहे तरी काय? बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी बॅग भरायला काढली की हा प्रश्न येतोच. शेजारच्या काकू विचारतात, जाऊबाई विचारतात, आता भाचेसूनही विचारायला लागली. कच्छचं रणच पाहायचं तर धोरडोला जा, रणोत्सवात तंबूसुद्धा छान असतात, असा सल्लाही मिळतो. जाता जाता 'आलं, गेलं' असं काहीतरी बोलून मी सटकत आले. तुम्ही मात्र नीट विचारलंत, म्हणून सांगते.

पाहायला फारसं काही नाही, हे आधीच कबूल करते. आमचे हे एकदाच आले होते. सकाळी पोचलो, दुपारी साडेबारापर्यंत त्यांचं सगळं पाहून झालं आणि म्हणाले, "चला." त्यांचं चुकलं नाही. एक गुरुद्वारा, घौस महंमद या सूफी पीरांची कोरीव दगडी कबर, दोन-तीन दर्गे आणि मशिदी, थोडी वस्तीतली घरं. बाकी विलायती बाभळी आणि दगडांचे ढीग. पण या सगळ्याला वळसा घालून सुमारे सात किलोमीटरचा तट उभा आहे, बुरुजांसकट, बराचसा शाबूत. आत गाव उरलेलं नाही आणि बाहेर तट मात्र एखाद्या राजधानीला शोभेल असा. ढगळ अंगरखा घातलेल्या किरकोळ म्हाताऱ्यासारखं दिसतं ते. मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

मग त्याचा इतिहास कळला आणि हसू गेलं. लखपत हे सिंधू नदीच्या एका फाट्याच्या मुखाशी वसलेलं बंदर. सिंधकडे जाणारा माल इथून जायचा. दिवसाला लाख कोरींची उलाढाल व्हायची असं तिथली माणसं सांगतात. कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचं चांदीचं नाणं. आकडा फुगवलेला असेल, पण गाव श्रीमंत होतं यात शंका नाही. ती श्रीमंती राखायला कच्छचा कारभार हाती असलेल्या जमादार फतेह महंमदने १८०१ साली हा तट बांधून घेतला. आणि १६ जून १८१९ला भूकंप झाला. उत्तरेला रणात जमीन वर उचलली जाऊन सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा उंचवटा उभा राहिला आणि नदीचं पाणी त्याने अडवलं. माणसांनी घातलेले बांध त्या मुलखात आधी होतेच, सिंधच्या राज्यकर्त्यांनी पाणी अडवायला घातलेले. हा कुणी घातलेला नव्हता, म्हणून लोक त्याला अल्लाबंद, म्हणजे देवाने घातलेला बांध, म्हणू लागले. शेजारचं सिंदरीचं ठाणं पाण्यात बुडालं. १८२६ला सिंधूला मोठा पूर आला, तिने तो बांध फोडला आणि गोडं पाणी पुन्हा थोडं इकडे आलं. पण ते टिकलं नाही. नदी गेली, भातशेती गेली, गलबतं गेली आणि पाठोपाठ व्यापारी गेले.

तटाच्या बांधकामापासून भूकंपापर्यंत अवघी अठरा वर्षं! तटाची लांबी ऐकली की मला हाच हिशेब आठवतो.

आमच्या बडोद्याजवळ चांपानेर आहे. तेही उजाड झालेलं शहर, आणि सौंदर्यात लखपतहून कितीतरी पुढे. महमूद बेगड्याच्या मशिदींवरची नक्षी पाहून डोळे निवतात. पण चांपानेरचं कारण समजतं: १५३५ला हुमायून आला, गड पडला, राजधानी हलली. जिंकणारा आहे, हरणारा आहे. लखपतच्या कहाणीत शत्रूच नाही. तटावर तोफा ठेवायला जागा आहेत, पहाऱ्याचे बुरुज आहेत आणि ज्याने गावाचा घात केला तो या भिंतीला हातही न लावता जमिनीखालून गेला. गोष्ट म्हणून सांगायला बसलं तर ती सांगताही येत नाही धड. मला वाटतं, मी तिथे पुन्हा पुन्हा जाते ती यासाठीच.

तटावर चालायला सकाळची वेळ चांगली. एका बाजूला कोरी खाडीचा चिखल आणि क्षारांचं पांढुरकं मैदान. भरतीचं पाणी कुठवर आलंय ते नजरेला ठरवता येत नाही; आधी चमकतं ते पाणी वाटतं, मग ते मीठ निघतं. मधून सीमा सुरक्षा दलाचे जवान दिसतात, कारण पलीकडे पाकिस्तान आहे. दुसऱ्या बाजूला, तटाच्या आत, रस्ते ओळखू येतात. उंबरा आहे, दाराची दगडी चौकट आहे, मागे घर नाही. उंचावरून पाहिलं की पेठ कुठून कुठे जात असेल ते कळतं. दांडिया बाजार ते मांडवी अशीच एक सरळ वाट असणार, असं मनात येतं आणि मी उगाचच त्या वाटेवर दुकानं मांडत बसते.

गुरुद्वाऱ्याविषयी वेगळं सांगायला हवं. मक्केच्या वाटेवर गुरू नानक इथे थांबले होते अशी श्रद्धा आहे. त्यांच्या पादुका तिथे जपून ठेवल्या आहेत. २६ जानेवारी २००१चा भूकंप आठवतो ना? बडोद्यातही आपण झेंडावंदन सोडून मैदानात धावलो होतो. त्यात या वास्तूचंही नुकसान झालं. नंतर ती इतकी नेटकी दुरुस्त केली की २००४ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. लाकडी खांब, मातीच्या रंगाच्या भिंती, आत गारवा. उजाड गावातली ही एकच जागा रोज झाडली जाते असं वाटतं.

गावात काहीशे माणसं राहतात. एका चाचांकडे आम्ही चहाला जातो, जाताना बडोद्याचा लीलो चेवडो नेते. त्यांना मी एकदा विचारलं की सगळे गेले, तुम्ही का राहिलात? ते म्हणाले, "बेन, तुमच्या विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत म्हणे. तुम्ही कसे राहता?" आता २०२४च्या पुरानंतर, सोसायट्यांमधून मगरी हिंडत असलेली चित्रं त्यांनी मोबाइलवर पाहिलेली. मला उत्तर सुचलं नाही. आमची नदी घरात शिरते, त्यांची सोडून गेली. दोघंही आपापल्या जागी बसलो आहोत.

माझं लखपतवरचं प्रेम हे पाहुणीचं प्रेम आहे, हेही लपवत नाही. सयाजीरावांनी बांधलेल्या आजवा तलावाच्या पाण्यावर वाढलेली मी. मोठं दुखणं काढलं तर भूज गाठावं लागतं अशा गावात मी रुळेन असं मुळीच नाही. चाचांची नातवंडं शिकून भुजेत कामाला लागली, याचं चाचांना कौतुक आहे. मीच मनातल्या मनात हळहळले होते. ती हळहळ फुकटची होती.

जायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळ्यात नको. रात्री इथून सयाजीनगरी एक्सप्रेसने निघालं की सकाळी भूज. पुढे नखत्राणा, माता नो मढ, मग घडुली करत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मढला आशापुरा देवीचं दर्शन घ्या. त्या परिसरात जॅरोसाइट नावाचं खनिज सापडतं, ते मंगळावरही आढळलं आहे, म्हणून शास्त्रज्ञ मंगळाच्या अभ्यासासाठी तिथली माती तपासतात. भाचेसुनेला हे सांगितल्यावर ती यायला तयार झाली. लखपतला पाणी बरोबर असू द्या, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवा आणि सीमेच्या बाजूला कॅमेरा रोखू नका. आणि आमच्या ह्यांच्यासारखे असाल तर दुपारीच निघून नारायण सरोवर, कोटेश्वर करा आणि रात्री भुजेला परता. तसाही दिवस चांगलाच जातो.