कालवं, वाटप आणि न आलेला पिक्चर

परवा अमावस्येच्या ओहोटीला आई खडपात कालवं काढायला गेली. गुडघे दुखतात, तरी जाते. मीही तिच्या मागोमाग उतरलो. तिने फोडलेलं पहिलंच कालव उचलून मी तसंच तोंडात टाकलं. ती ओरडली, "मेल्या, कच्चा खाऊक ता काय काकडी आसा?"

मला अँथनी बोर्डेन हा अमेरिकन शेफ आणि लेखक आठवला होता. लहानपणी आईवडिलांबरोबर तो फ्रान्सला गेला असताना आर्काशोंच्या उपसागरात, शेजारच्या कालववाल्याच्या होडीत बसून त्याने पहिलं कालव खाल्लं. घरचे बिचकले, हा पुढे झाला. आपण स्वयंपाकघराकडे वळलो त्याची सुरुवात तो तिथून सांगतो. हे सगळं 'किचन कॉन्फिडेन्शियल' या २००० साली आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात आहे.

मला ते फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुनं मिळालं. तेव्हा मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासून कांदे सोलायच्या कामावर चढलो होतो. दीड वर्षात तिथे मला कुणी नावाने हाक मारली नाही. रात्री खोलीवर अडखळत इंग्रजी वाचायचो. बोर्डेननेही अमेरिकेतल्या प्रोव्हिन्सटाउनला भांडी घासूनच सुरुवात केली होती हे कळलं, त्या रात्री मला झोप आली नाही.

लोकांना त्यातलं सोमवारचं प्रकरण तेवढं आठवतं. न्यूयॉर्कमध्ये सोमवारी हॉटेलात मासे मागवू नका, शुक्रवारी घेतलेला माल असतो, असं त्याने लिहिलं होतं. पुढे त्यानेच सांगितलं की आता ते तितकंसं लागू नाही. आमच्याकडे सोमवारी मासे नसतात ते शंकराच्या वारामुळे. एरवी बंदरावर लिलाव झाला की बांगडा तिरफळं घालून त्याच रात्री पानात.

पिक्चरचं मात्र मनाला लागून राहिलंय. पुस्तक गाजल्यावर हॉलिवूडचा दिग्दर्शक डेव्हिड फिंचर त्यावर चित्रपट करणार होता, ब्रॅड पिटला घेऊन. 'सीअर्ड' असं नावही ठरलं होतं. तो झालाच नाही. २००५ मध्ये फॉक्स या अमेरिकन वाहिनीवर पुस्तकाची विनोदी मालिका झाली, ब्रॅडली कूपर मुख्य भूमिकेत. १३ भाग तयार झाले, ४ दाखवून मालिका बंद. मी नंतर डीव्हीडीवर थोडे भाग पाहिले. माणसं छान दिसतात, भराभर बोलतात. पण त्या स्वयंपाकघरात कुणाचा हात भाजल्यासारखा वाटत नाही. भाजलेल्या हाताने पुढची ऑर्डर काढणं म्हणजे काय, ते पुस्तकात पानोपानी आहे.

फिंचरला ते दाखवता आलं असतं असं मला अजून वाटतं. आणि मला त्यात बघायचे होते ते मेक्सिको-इक्वेडोरहून आलेले स्वयंपाकी. बोर्डेन त्यांच्याबद्दल फार आदराने लिहितो. न्यूयॉर्कची हॉटेलं तेच चालवतात, असं स्पष्ट सांगतो. माझ्या सहा टेबलांच्या खानावळीत पहाटे पाचला दोन वैनी येतात. खोबरं खवणं, कांदा भाजणं, मग वाटप. ते वाटप बिघडलं तर दिवसभर मी काही करू शकत नाही. गिऱ्हाईक मात्र हात धुताना मला शाबासकी देऊन जातं. मी प्रत्येकाला त्यांची नावं सांगतो. हे मला त्याच पुस्तकाने शिकवलं.

बोर्डेन २०१८ च्या जूनमध्ये गेला, फ्रान्समध्येच. बातमी आली तेव्हा आमच्या बोटी पावसाळी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला लागल्या होत्या आणि खानावळीत सुकटच होती. त्या दिवशी मी बंदच ठेवली.

परवा रात्री कालवांचं सुकं शिजत होतं तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तेची आवस काय म्हणाली?"

मी सांगितलं, पुस्तकाच्या आधी त्याने एक लेख लिहिला होता, १९९९ साली 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात छापून आला. तिथवर तो पोचला तो त्याच्या आईच्या ओळखीतून, तिच्याच आग्रहाने.

आई कढईकडे बघत राहिली. मग आमसोलं टाकली, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "पिक्चर इलो तर माका घेवन जा."